रत्नागिरी ते मंडाले: थिबाची राजधानी, टिळकांचा तुरुंग आणि कमी खर्चात निघालेला प्रवासी

रत्नागिरीचं रील म्हटलं की दोन-तीन जागा ठरलेल्या असतात. भाट्ये बीच, आरे-वारेचा रस्ता आणि संध्याकाळचा थिबा पॉइंट. तिथून खाली भाट्याची खाडी दिसते, समुद्र दिसतो, सूर्य बुडतो, व्हिडिओ तयार होतो. पण हा 'थिबा' कोण, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर असतं, 'ब्रह्मदेशाचा कुठला तरी राजा, त्याला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं होतं.'

उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. हा राजा ज्या शहरातून आला, ते मंडाले. ब्रह्मदेशाच्या राजांची शेवटची राजधानी. आणि पुढे रत्नागिरीतच जन्मलेल्या एका माणसाला इंग्रजांनी उचलून नेमकं त्याच शहरात सहा वर्षं डांबलं. त्या माणसाचं नाव बाळ गंगाधर टिळक.

म्हणजे एका शहराचा राजा दुसऱ्या शहरात कैद आणि दुसऱ्या शहराचा नेता पहिल्या शहरात कैद. काही वर्षं तर दोघं एकाच वेळी एकमेकांच्या गावात बंदिवान होते.

त्यामुळे आग्नेय आशियातल्या स्वस्त सहलींचे व्हिडिओ बघून एखाद्या रत्नागिरीकराच्या मनात 'एकदा मंडालेला जाऊन यावं' असं आलं, तर त्यात नवल नाही. पण तिथे पहिल्यांदा पोचल्यावर काय दिसतं, रत्नागिरीशी त्याचं नातं काय आणि आज जाणं शहाणपणाचं आहे का? एकेक करून बघू.

मंडाले नेमकं कुठे आहे?

आजच्या म्यानमारच्या मधोमध, इरावती नदीच्या पूर्व काठावर. यांगून म्हणजे जुनं रंगून, तिथून उत्तरेला सुमारे सहाशे किलोमीटर. लोकसंख्येच्या बाबतीत यांगूननंतर देशातलं दुसरं मोठं शहर.

हे शहर तसं फार जुनं नाही. राजा मिंडॉन याने १८५७ साली ते वसवलं आणि जवळच्या अमरापुराहून राजधानी इथे हलवली. भारतात ज्या वर्षी बंड झालं, त्याच वर्षी तिकडे नवी राजधानी उभी राहत होती. टिळकांचा जन्म १८५६ चा, त्यामुळे हे शहर टिळकांपेक्षा एका वर्षाने लहान.

आणखी एक योगायोग आहे. मंडालेचं राजेशाही नाव 'यदनाबोन'. मूळ पालीतलं 'रतनपूर', म्हणजे रत्नांचं नगर. रत्नांच्या नगराचा राजा शेवटी रत्नांच्या डोंगरावर, रत्नागिरीत येऊन राहिला.

राजधानी मात्र मंडालेकडे राहिली नाही. इंग्रजांनी रंगूनहून कारभार केला, स्वातंत्र्यानंतरही रंगूनच राजधानी होती. २००५ च्या अखेरीस लष्करी सरकारने ती नेपिडो या नव्या शहरात हलवायला सुरुवात केली. तरी राजांचं शहर कोणतं, तर मंडाले, हे आजही तिथे कोणीही सांगतं.

पहिल्यांदा उतरल्यावर काय जाणवतं?

पहिली गोष्ट म्हणजे घड्याळ. म्यानमारची वेळ भारतापेक्षा बरोबर एक तास पुढे आहे.

दुसरी गोष्ट रस्ते. जुन्या गावातून वाट काढायची सवय असलेल्या कोकणी माणसाला मंडाले म्हणजे गणिताची वही वाटते. रस्ते सरळ आणि चौकटीत आखलेले. त्यांना नावांऐवजी आकडे. पूर्व-पश्चिम रस्त्यांचे आकडे लहान, दक्षिण-उत्तर रस्त्यांचे पन्नासच्या पुढचे. पत्ता सांगताना दोन रस्त्यांचे आकडे सांगितले की चौक सापडतो. परदेशी माणसाला भाषा येत नसली तरी तो हरवत नाही.

गाड्या उजव्या बाजूने चालतात. देशाने १९७० मध्ये डावीकडून उजवीकडे वाहतूक फिरवली. पण अनेक जुन्या गाड्यांचं स्टिअरिंग अजूनही उजवीकडेच आहे. त्यामुळे रस्ता ओलांडताना भारतीय माणूस पहिले दोन दिवस चुकीच्या बाजूला बघत राहतो. यांगूनमध्ये मोटरसायकलींना बंदी आहे, मंडालेत मात्र सगळीकडे दुचाकीच दुचाकी. हे दृश्य आपल्याला ओळखीचं वाटतं.

तिसरी गोष्ट माणसं. बाया-पोरी आणि कधीकधी पुरुषही गालावर पिवळसर लेप लावून फिरताना दिसतात. तो थनाका. झाडाची साल दगडी सहाणेवर पाण्यात उगाळून तो तयार करतात. आपल्याकडे चंदन उगाळतात, तसंच. उन्हापासून त्वचा जपायची आणि सजायचंही. कमरेला पुरुष-स्त्रिया दोघंही लुंगीसारखं 'लाँजी' गुंडाळतात. टपऱ्यांवर विडा लावून मिळतो आणि रस्त्यावर लाल पिचकाऱ्याही दिसतात. त्या बाबतीत परदेशात आल्यासारखं अजिबात वाटत नाही.

चौथी गोष्ट पोटाची. सकाळी 'मोहिंगा' खातात. माशाच्या दाट रश्शात तांदळाच्या शेवया. भात रोजचाच. आणि 'न्गापी' म्हणून आंबवलेल्या मासळीचा किंवा कोलंबीचा लगदा जवळपास प्रत्येक जेवणात असतो. त्याचा वास इतर पर्यटकांना नकोसा होतो. ज्याच्या घरी पावसाळ्यासाठी जवळा आणि सुकट भरून ठेवतात, त्याला त्याचं काही वाटत नाही. शाकाहारी माणसाने मात्र आधी विचारूनच ताट घ्यावं, कारण भाजीतही मासळीची चव लपलेली असते. चहाची पानं आंबवून केलेली 'लपेट' नावाची कोशिंबीर मात्र कुठेच चुकवू नये. ती घेतानाही सुकी कोलंबी घालू नका, असं सांगावं लागतं.

आणि पाचवी गोष्ट, शहराच्या मधोमध असलेला खंदक.

खंदक, भिंत आणि आतला राजवाडा

मंडालेच्या मध्यभागी एक प्रचंड चौरस आहे. प्रत्येक बाजू सुमारे दोन किलोमीटर. बाहेरून साठ मीटरपेक्षा रुंद खंदक, त्याच्या आत विटांची उंच तटबंदी, बारा दरवाजे आणि भिंतीवर थोड्या थोड्या अंतराने निमुळत्या होत जाणाऱ्या लाकडी छपरांचे बुरूज. हा चौरस पायी फिरून यायचा तर आठ किलोमीटर होतात.

या चौरसाच्या मधोमध मिंडॉनने सागवानी राजवाडा बांधला. कोरीव, सोनेरी मुलामा दिलेला, काचकाम केलेला. त्यातल्या एका दालनाला काचमहाल म्हणत. लेखक अमिताव घोष यांच्या २००० साली आलेल्या 'द ग्लास पॅलेस' या कादंबरीचं नाव त्यावरूनच आलं. त्या कादंबरीत मंडालेही आहे आणि रत्नागिरीही.

शहराच्या उत्तरेला मंडालेची टेकडी. तिच्या पायथ्याशी कुथोडॉ पॅगोडा आहे. मिंडॉनने बौद्धांचं त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं आणि प्रत्येक शिळेसाठी स्वतंत्र पांढरी घुमटी बांधली. त्याला जगातला सर्वांत मोठा ग्रंथ म्हणतात. पान उलटायचं नाही, पुढच्या घुमटीकडे चालत जायचं.

दक्षिणेला महामुनी बुद्धाचं मंदिर. तिथल्या मूर्तीवर भक्त सोन्याचा वर्ख लावतात. पिढ्यान्पिढ्या लावलेल्या वर्खाचा थर इतका जाड झालाय की मूर्तीचं अंग गुठळ्यागुठळ्यांचं दिसतं. मात्र मूर्तीला हात लावण्याची परवानगी फक्त पुरुषांना आहे.

पॅगोडात जाताना चपला-बूट तर काढायचेच, मोजेही काढायचे. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. उन्हाळ्यात दुपारी फरशी इतकी तापते की दर्शनाला सकाळीच गेलेलं बरं.

ही राजधानी गेली कशी?

१८७८ मध्ये मिंडॉन वारला आणि त्याचा मुलगा थिबा गादीवर आला. तेव्हा तो जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. दरबारातल्या कारस्थानांत त्याच्या कारकिर्दीच्या सुरुवातीलाच राजघराण्यातल्या कित्येक भाऊबंदांची कत्तल झाली. रत्नागिरीत थिबाबद्दल हळहळ वाटते ती रास्त आहे, पण त्याच्या गोष्टीचा हा भागही विसरून चालत नाही.

इंग्रजांनी तोवर दोन युद्धांत खालचा ब्रह्मदेश गिळला होता. वरच्या भागात सागवान होतं, माणकांच्या खाणी होत्या आणि पुढे चीनकडे जाणारा व्यापारी रस्ता होता. त्यातच थिबा फ्रेंचांशी जवळीक वाढवतोय, अशी इंग्रजांना धास्ती होती.

निमित्त मिळालं ते लाकडाचं. १८६३ साली मुंबईत स्थापन झालेली 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' ही इंग्रज कंपनी तिथल्या जंगलात सागवान तोडत होती. कंपनीने ठरल्यापेक्षा जास्त लाकूड काढलं आणि कर बुडवला, असं म्हणत थिबाच्या सरकारने तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांनी निर्वाणीचा खलिता धाडला आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये इरावतीतून आगबोटींवरून फौज निघाली.

युद्ध दोन आठवडेच चाललं. २९ नोव्हेंबर १८८५ रोजी थिबा, राणी सुपयालत आणि कुटुंबाला बैलगाड्यांत बसवून नदीकाठी नेलं आणि बोटीवर चढवलं. थिबा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याला मंडाले परत कधीच दिसलं नाही.

१ जानेवारी १८८६ रोजी वरचा ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यात सामील केल्याची घोषणा झाली. योगायोगाने तो थिबाचा वाढदिवस होता.

राजाला रत्नागिरीतच का ठेवलं?

राजाला त्याच्याच मुलखात ठेवलं तर लोक त्याच्याभोवती जमतील, ही इंग्रजांची भीती. हा खेळ त्यांनी आधीही केला होता. १८५७ नंतर दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर याला त्यांनी रंगूनला पाठवलं आणि तो तिथेच १८६२ मध्ये वारला. भारताचा बादशहा ब्रह्मदेशात पाठवला, आता ब्रह्मदेशाचा राजा भारतात आणायचा होता.

थिबाला रंगूनमार्गे आधी मद्रासला नेलं. एप्रिल १८८६ मध्ये तो बोटीने रत्नागिरीला उतरला. रत्नागिरीच का, हे नकाशा बघितला की कळतं. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र. रेल्वे नव्हती. ती यायला पुढे शंभराहून अधिक वर्षं लागली. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की गाव जवळपास तुटायचं. कैदी ठेवायला यापेक्षा सोयीची जागा कोणती?

पहिल्याच वर्षी राजघराण्याने कोकणातला पावसाळा अनुभवला. मंडाले ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यात आहे. पश्चिमेचा आराकानचा डोंगर पाऊस अडवतो आणि मागच्या भागाला थोडाच येऊ देतो. सह्याद्रीमागे माण-खटाव कोरडा राहतो, तसंच गणित. मंडालेत वर्षभरात पडणारा पाऊस रत्नागिरीत जुलैच्या एका महिन्यात पडून जातो. अशा कोरड्या मुलखातल्या माणसांना चार महिने न थांबणारा पाऊस आणि भिंतींवर चढणारी ओल बघून काय वाटलं असेल, याची कल्पना कोकणात पहिला पावसाळा काढलेल्या कोणालाही येईल.

रत्नागिरीचा माणूस मंडालेत

आता गोष्ट उलट्या दिशेने फिरते.

२२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या हायकोर्टात टिळकांना 'केसरी'तल्या लेखांबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची हद्दपारीची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षं पूर्ण होणार होती. मुंबईतल्या गिरणी कामगारांनी शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी एक दिवस, असा सहा दिवस संप केला.

आधी साबरमती आणि मग सप्टेंबर १९०८ मध्ये मंडाले. त्या वेळी ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. तो वेगळा झाला १९३७ मध्ये. त्यामुळे कागदोपत्री टिळक देशाबाहेर गेलेच नव्हते. पण पाणी ओलांडून, माणसांपासून आणि भाषेपासून हजारो मैल लांब.

तुरुंग होता मंडालेच्या त्याच तटबंदीत. इंग्रजांनी तिचं नाव बदलून 'फोर्ट डफरिन' केलं होतं. ज्या भिंतीआड थिबा राज्य करत होता, तिथेच टिळकांची कोठडी. बराक लाकडी खांबांची, फटींची. त्यातून उन्हाळ्यात धूळ आणि गरम वारा, हिवाळ्यात थंडी थेट आत यायची. पावसात भिजणाऱ्या रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाच्या वाट्याला ब्रह्मदेशातला सर्वांत रखरखीत मुलूख आला. मधुमेहामुळे खाण्याची पथ्यं होती. स्वयंपाकासाठी एक मराठी कैदी सोबत दिला होता, तेवढाच मराठी बोलण्याचा आधार.

तिथे टिळकांनी शेकडो पुस्तकं जमवली. पाली, जर्मन, फ्रेंच यांचा अभ्यास केला. आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढलं. शाई मिळत नव्हती, म्हणून पेन्सिल. ते पुस्तक १९१५ मध्ये छापून आलं. पण त्याआधी, १९१२ मध्ये, पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्याची बातमी त्यांना तुरुंगातच ऐकावी लागली.

जून १९१४ मध्ये टिळकांना पुण्यात आणून सोडलं. ते मंडालेत होते ती सगळी वर्षं थिबा रत्नागिरीत जिवंत होता.

टिळकांच्या आधी १९०७ मध्ये लाला लजपतराय यांनाही मंडालेत ठेवलं होतं आणि १९२५ ते १९२७ या काळात सुभाषचंद्र बोस तिथे होते. म्हणून जुन्या पिढीच्या तोंडी 'मंडाले' हा शब्द शहराचा नव्हे, तुरुंगाचा समानार्थी होता.

राजवाडा मिळाला, पण किती उशिरा?

रत्नागिरीतला थिबा पॅलेस बघून अनेकांना वाटतं, राजाची कैदही आरामातच गेली. इथे एक हिशेब बघायला हवा. राजवाडा पूर्ण झाला १९१० मध्ये. म्हणजे तीस वर्षांतली पहिली चोवीस वर्षं हे कुटुंब सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहिलं. नव्या वास्तूत थिबाला जेमतेम सहा वर्षं मिळाली.

पेन्शन अपुरी पडायची, सोबत आणलेले दागिने आणि माणकं विकून खर्च भागवावा लागायचा, परवानगीशिवाय गावाबाहेर जाता यायचं नाही. वरच्या सज्जातून दुर्बीण लावून राजा समुद्रातल्या बोटी बघत बसायचा, असं रत्नागिरीत सांगतात.

डिसेंबर १९१६ मध्ये थिबा रत्नागिरीत वारला. राणी सुपयालतला देह ब्रह्मदेशात न्यायचा होता. इंग्रजांनी परवानगी दिली नाही. मेलेला राजाही मंडालेत त्यांना नको होता. १९१९ मध्ये राणीला रंगूनला परतू दिलं, मंडालेला नाही. ती १९२५ मध्ये तिथेच वारली. आज राजाची समाधी रत्नागिरीत आणि राणीची यांगूनमध्ये आहे.

या जोडप्याला चार मुली. त्या या सोन्याच्या पिंजऱ्यात वाढल्या. त्यांच्याशी बरोबरीचा विवाह करायला कोणता राजपुत्र रत्नागिरीत येणार होता? थोरल्या राजकन्येचं मन राजवाड्यावरच्या एका मराठी नोकरावर जडलं. त्यांना मुलगी झाली. राजकन्या १९१९ मध्ये रंगूनला गेली, पण पुढे रत्नागिरीला परतली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. मंडालेच्या शेवटच्या राजाची नात पुढे रत्नागिरीत गरिबीत, काबाडकष्टात जगली. तिची बोली मराठी होती.

तिकडचा राजवाडा उरला का?

नाही. इंग्रजांनी आधी तटबंदीच्या आतली वस्ती हटवून छावणी केली आणि राजाच्या महालात काही वर्षं गोऱ्या अधिकाऱ्यांचा क्लब चालवला. १९०१ च्या भेटीनंतर व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने तो क्लब तिथून हलवायला लावला. पण मार्च १९४५ मध्ये, जपान्यांकडून शहर परत घेताना झालेल्या माऱ्यात सागवानी राजवाडा जळून खाक झाला. आज दिसतो तो १९९० च्या दशकात पुन्हा बांधलेला.

दोन गोष्टी वाचल्या, त्याही जागेवरून हलवल्यामुळे. मिंडॉन ज्या महालात वारला, तो थिबाने उतरवून तटबंदीबाहेर मठ म्हणून उभा केला होता. तो श्वेनानडॉ मठ आजही आहे आणि जुन्या राजवाड्याचं कोरीवकाम कसं होतं, ते बघायचं तर तिथेच जावं लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे राजाचं सिंहासन. इंग्रजांनी ते कलकत्त्याच्या संग्रहालयात नेलं होतं. १९४८ मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर ते परत दिलं, आता यांगूनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मंडालेत राहिलं असतं तर तेही जळालं असतं.

टिळकांची कोठडी बघायच्या इच्छेने जाणाऱ्या मराठी माणसाची मात्र निराशा होते. तटबंदीच्या आतला मोठा भाग लष्कराच्या ताब्यात आहे. परदेशी पर्यटकाला पूर्वेच्या दारातून आत सोडतात आणि राजवाड्याच्या आसपासचाच भाग बघू देतात.

आज मंडालेला जावं का?

खर्च बघितला तर मंडाले महाग नाही. पण स्वस्त आणि सुरक्षित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि देशाच्या अनेक भागांत सशस्त्र संघर्ष पेटला. २८ मार्च २०२५ रोजी ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र मंडालेच्या जवळच होतं. देशात तीन हजारांहून अधिक माणसं गेली. महामुनी मंदिर, राजवाड्याची तटबंदी आणि अनेक मठांची पडझड झाली. इरावतीवरचा जुना आवा पूल कोसळला. भारताने 'ऑपरेशन ब्रह्मा' या नावाने मदत पाठवली आणि मंडालेत लष्कराचं तात्पुरतं रुग्णालय उभं केलं.

त्यामुळे जाण्याचा विचार असेल तर या गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

• तिकीट काढण्याआधी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आणि यांगूनमधल्या भारतीय दूतावासाच्या ताज्या सूचना वाचाव्यात. जुने व्लॉग बघून ठरवू नये. २०१९ चा व्हिडिओ वेगळ्या देशाचा आहे, असंच समजावं.

• व्हिसा लागतो. नियम बदलत असतात, म्हणून अधिकृत संकेतस्थळावरच तपासावा.

• कार्ड आणि यूपीआयच्या भरवशावर राहू नये. डॉलरच्या नोटा न्यायच्या तर कोऱ्या करकरीत. घडी पडलेली, डाग लागलेली नोट तिथे सहसा घेत नाहीत.

• फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स यांच्यावर २०२१ पासून बंदी आहे. लष्कर, पोलीस, चौक्या यांचे फोटो काढू नयेत. लाइव्ह जाण्याच्या हौसेपायी अटक ओढवून घेऊ नये.

• सर्वांत महत्त्वाचं. 'बँकॉकला डेटा एंट्रीची नोकरी, तिकीट आमचं' अशा जाहिराती सोशल मीडियावर फिरतात. अशा नोकऱ्यांच्या आमिषाने शेकडो भारतीय तरुणांना थायलंडमधून म्यानमारच्या सीमेवरच्या म्यावाडी भागात नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणलं. फुकट तिकिटाच्या मोहात पडून कोणीही निघू नये.

मग मंडाले बघायचं कसं?

सध्या सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रत्नागिरी. एसटीच्या किंवा कोकण रेल्वेच्या तिकिटात. रेल्वे स्टेशन गावापासून काही किलोमीटर बाहेर आहे, पुढे एसटी किंवा रिक्षा मिळते.

पहिला थांबा थिबा पॅलेस. तिथे पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे. उतरत्या छपरांची तीन मजली वास्तू, अर्धगोल खिडक्या आणि रंगीत काचा. वापरलेलं सागवान बर्माचं. ज्या लाकडावरून राजाचं राज्य गेलं, तेच लाकूड त्याच्या कैदेच्या घराला लागलं. जाण्यापूर्वी उघडण्याची वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्यावा.

दुसरा थांबा शिवाजीनगरमधली थिबाची समाधी. आजूबाजूला साधी वस्ती आहे, अनेक पर्यटक तिथवर पोचतच नाहीत. पण म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन डिसेंबर २०१२ मध्ये इथे येऊन गेले. २०१६ मध्ये थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, तेव्हा त्याचे वंशज आणि म्यानमारचे बडे नेते इथे जमले होते. लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंगही त्यात होते. २०२१ मध्ये सत्ता हाती घेतली ती त्यांनीच.

तिसरा थांबा टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान. कौलारू कोकणी घर. इथे जन्मलेला माणूस कुठे जाऊन 'गीतारहस्य' लिहिता झाला, ते मंडालेच्या धुळीची गोष्ट माहीत असली की जास्त कळतं.

आणि शेवटी थिबा पॉइंट. संध्याकाळी तिथे उभं राहून सगळे पश्चिमेकडे बघतात, कारण सूर्य तिकडे बुडतो. थिबाचं गाव मात्र पाठीमागे, पूर्वेला आहे. तिथे घड्याळ एक तास पुढे असतं आणि सूर्य आपल्या आधीच मावळून गेलेला असतो.